गर्भधारणेपूर्वी औषधे : कोणती थांबवावीत, कोणती थांबवू नयेत

इंदूर शहराच्या पश्चिम भागात बडा गणपतीचा चौक आहे. तेथील गणेशमूर्ती सुमारे पंचवीस फूट उंचीची आहे. तिच्यावर शेंदुराचा चोला चढविण्याचे काम अनेक दिवस चालते. शहरातील मराठी कुटुंबांचा या देवस्थानाशी जिव्हाळ्याचा संबंध आहे. लग्न झाले की जोडपे दर्शनास येते आणि पुढे घरात पाळणा हलावा अशी इच्छा झाली, की त्याच गणरायापुढे पुन्हा हात जोडले जातात. श्रद्धेचा हा भाग ज्याच्या त्याच्या मनाचा आहे आणि तो आदरणीयच आहे. मात्र याच सुमारास घरातील कपाटात पडून असलेल्या औषधांचा एक प्रश्न उभा राहतो. त्याची चर्चा देवळात होत नाही, माजघरातही होत नाही आणि पुष्कळदा डॉक्टरांसमोरही होत नाही.

प्रश्न असा, की अपत्य हवे असे ठरल्यावर चालू असलेल्या गोळ्यांचे काय करावयाचे? आजच्या तरुण स्त्रीच्या पर्समध्ये एखादी तरी गोळी असते. कोणाला थायरॉईडची, कोणाला पाळी नियमित राहण्याची, तर कोणाला चेहऱ्यावरील लव किंवा मुरमे कमी होण्याची. यांपैकी बहुतेक औषधे शरीरातील संप्रेरकांवर, म्हणजे हार्मोन्सवर, परिणाम करणारी असतात. अशा वेळी घरातील वडीलधारी मंडळी सद्‌भावनेने सांगतात, “सूनबाई, आता सगळ्या गोळ्या बंद कर. पोटात बाळ राहावयाचे तर अंगात औषध नको.” दुसऱ्या घरात याच्या उलट घडते. दिवस गेल्याचे कळेपर्यंत सगळ्या गोळ्या तशाच चालू राहतात. या दोन्ही गोष्टींनी नुकसान होते, आणि पहिल्या गोष्टीने होणारे नुकसान अधिक वेळा दुर्लक्षित राहते.

संप्रेरक म्हणजे शरीरातील ग्रंथींनी रक्तावाटे धाडलेला निरोप. त्याचे प्रमाण अत्यल्प असते, परंतु परिणाम दूरवर होतो. या निरोपांशी संबंधित औषधे ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. काही औषधे शरीरात जो निरोप कमी पडतो आहे त्याची उणीव भरून काढतात, तर काही औषधे निरोपाची वाट अडवितात किंवा त्याचा अर्थ बदलतात. उणीव भरून काढणारी औषधे गर्भधारणेच्या वेळी सहसा थांबवावयाची नसतात, उलट ती वाढवावी लागतात. वाट अडविणारी औषधे बहुधा थांबवावी लागतात, पण ती केव्हा थांबवावयाची हे औषधागणिक बदलते. एखादे त्याच दिवशी, एखादे महिनाभर आधी, तर एखादे जवळजवळ वर्षभर आधी. हा भेद ध्यानात आला म्हणजे पुढील सर्व गोष्टींचा उलगडा होतो.

प्रथम थायरॉईडचा, म्हणजे गळ्यातील अवटु ग्रंथीचा, विचार करू. ही ग्रंथी मंद झालेल्या स्त्रीला थायरॉक्सिनची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यावी लागते. ही गोळी म्हणजे परके रसायन नव्हे. निरोगी ग्रंथी जे संप्रेरक स्वतः तयार करते, तेच गोळीच्या रूपाने दिलेले असते. गर्भाची स्वतःची अवटु ग्रंथी गर्भावस्थेच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास काम करू लागते आणि तिला पुरेसा जोर येण्यास त्यानंतरही काही आठवडे लागतात. तोवर बाळाच्या मेंदूच्या घडणीसाठी लागणारे थायरॉक्सिन केवळ मातेच्या रक्तातून मिळते. म्हणजे ज्या काळात सासूबाई “औषध नको” म्हणतात आणि सून गोळी बाजूला ठेवते, नेमक्या त्याच काळात बाळाला त्या गोळीची सर्वाधिक गरज असते. उपचार न झालेल्या थायरॉईडच्या कमतरतेत दिवस राहणे कठीण होते. राहिले तर गर्भपात, मुदतपूर्व प्रसूती आणि बाळाच्या बौद्धिक वाढीत अडथळा यांची शक्यता वाढते.

त्यामुळे वैद्यकशास्त्राचा सल्ला घरगुती समजुतीच्या अगदी उलट आहे. अपत्याचा विचार सुरू होताच रक्ताची टीएसएच तपासणी करावी. उपचार चालू असलेल्या स्त्रीत हा आकडा गर्भधारणेपूर्वी २.५ च्या खाली असावा, असे तज्ज्ञ मानतात. दिवस गेल्याचे चाचणीत दिसताच गोळीची मात्रा साधारणपणे पाव हिश्शाहून थोडी अधिक वाढवावी लागते. आठवड्याला सात गोळ्या घेणाऱ्या स्त्रीने नऊ घ्याव्यात, असा एक सोपा हिशेब डॉक्टर पुष्कळदा आधीच सांगून ठेवतात, म्हणजे तपासणीची वेळ मिळेपर्यंतचे आठवडे वाया जात नाहीत. आपल्याबाबतीत हा हिशेब लागू आहे का, हे मात्र पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे. आणखी एक बारीकशी गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. गर्भवतीला मिळणाऱ्या लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉक्सिनबरोबर घेतल्यास थायरॉक्सिन आतड्यात नीट शोषले जात नाही. दोहोंमध्ये चार तासांचे अंतर असावे. सगळ्या गोळ्या एकाच वेळी गिळून मोकळे होण्याची सवय अनेकींना असते. मग गोळी नियमित घेऊनही तपासणीत आकडा बिघडलेलाच येतो आणि दोष औषधाला दिला जातो.

आयोडीनयुक्त मीठ घरात आहे, मग गोळी कशाला, असाही एक प्रश्न विचारला जातो. आपल्या देशात १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९२ मध्ये त्याचे नाव आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे झाले. मिठामुळे गलगंडाला मोठा आळा बसला हे खरेच. परंतु ज्या स्त्रीची ग्रंथीच मंदावली आहे, तिला केवळ मीठ पुरे पडत नाही. चूल विझलेली असताना नुसता शिधा भरून ठेवावा, तसे ते होते.

ग्रंथी अतिचंचल असणाऱ्या स्त्रियांची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यांना कार्बिमॅझोलसारखे औषध दिलेले असते. हे औषध संप्रेरक तयार होण्याची क्रिया रोखते आणि गर्भाच्या अवयवांची घडण होत असताना, विशेषतः सहाव्या ते दहाव्या आठवड्यात, त्यामुळे जन्मजात व्यंग येण्याचा धोका असतो. ते आपल्या मनाने बंद करणेही तितकेच धोक्याचे आहे, कारण आजार उफाळून आल्यास माता आणि गर्भ दोघांनाही इजा पोहोचते. अशा स्त्रीने दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांना गाठावे. औषध बदलून दुसरे द्यावयाचे, काही काळ थांबावयाचे की आधी कायमचा उपचार करावयाचा, याचा निर्णय त्या वेळी होऊ शकतो. दिवस राहिल्यावर निवडीस तितका वाव उरत नाही.

मधुमेहाचे इन्सुलिन हेसुद्धा संप्रेरकच. ते थांबविण्याचा प्रश्नच येत नाही. दम्यासाठी, संधिवातासाठी किंवा मूत्रपिंडाच्या विकारासाठी दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रीनेही त्या एकदम सोडू नयेत. बाहेरून दीर्घकाळ मिळणाऱ्या औषधामुळे शरीराचे स्वतःचे उत्पादन मंदावलेले असते आणि अचानक खंड पडल्यास प्राणावर बेतू शकते.

आता ज्या गोळ्यांविषयी सर्वांत कमी बोलले जाते त्यांच्याकडे वळावयास हवे. भाद्रपदात गणपती येतात, पाठोपाठ गौरी येतात. त्यांनाच अनेक घरांत महालक्ष्मी म्हणतात. सोवळ्याचा स्वयंपाक, आरास, पाहुणे यांत घरच्या लेकीसुनांची पाळी नेमकी त्या तीन दिवसांत येऊ नये म्हणून नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या घेतल्या जातात. लग्नमुंजींतही हेच चालते. पाळी अपेक्षित असेल त्याच्या तीन दिवस आधी गोळी सुरू करावयाची आणि कार्य उरकले की थांबवावयाची, म्हणजे दोन-तीन दिवसांत पाळी येते, हे गणित घरोघरी पाठ असते. गोळी शेजारणीकडून किंवा औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचूनही मिळविली जाते. धार्मिक कार्यात पाळीचा विटाळ मानावा की नाही, हा विषय येथे नाही. तो ज्या त्या घराने विचारपूर्वक सोडवावा, आणि सुनेला विचारून सोडवावा.

परंतु जे जोडपे त्या महिन्यात अपत्याची वाट पाहत आहे, त्याने एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. पाळीच्या तीन दिवस आधी गर्भ राहिलेला असू शकतो आणि लघवीची चाचणी तो दाखवीलच असे नाही. चाचणीत नकार आला म्हणून गोळी सुरू केली, पाळी आली नाही, “गोळीमुळेच लांबली असेल” असे समजून आणखी दोन आठवडे गेले, असे घडू शकते. त्या दोन आठवड्यांत फोलिक अ‍ॅसिड सुरू झालेले नसते, थायरॉईडची मात्रा वाढविलेली नसते आणि इतर नको असलेली औषधे चालूच असतात. म्हणून मूल हवे असलेल्या महिन्यांत ही गोळी टाळणेच इष्ट. ही गोळी अशा रीतीने घेतल्यास तिचा गर्भनिरोधक म्हणून भरवसा धरता येत नाही, आणि रक्ताची गुठळी होण्याचा पूर्वेतिहास असलेल्या स्त्रीने ती घेऊच नये. तिच्यामुळे कायमचे वंध्यत्व येते ही भीती मात्र निराधार आहे.

पाळी आणणाऱ्या औषधांचा आपल्या देशातील पूर्वेतिहास फारसा अभिमानास्पद नाही. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन यांच्या मोठ्या मात्रेची मिश्रणे एके काळी पाळी चुकलेल्या स्त्रीला सर्रास दिली जात. औषधाने पाळी आली तर दिवस गेलेले नाहीत, न आली तर गेले आहेत, अशी ती चाचणी होती. गर्भ असल्यास तो या औषधांना सामोरा जाई, आणि त्यामुळे व्यंगाची शक्यता असल्याचा इशारा तज्ज्ञांनी दिलेला होता. कित्येक स्त्रिया तर गर्भ पाडण्याचे औषध म्हणूनच ती घेत. वास्तविक त्या कामी ती निरुपयोगी होती. १९८२ मध्ये औषध नियंत्रकांनी बंदीचे पाऊल उचलले, त्यास न्यायालयीन स्थगिती मिळाली, आणि डॉक्टर, महिला संघटना व ग्राहक संघटना यांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर १९८८ मध्ये या मिश्रणांवर बंदी आली. आज लघवीची साधी पट्टी काही मिनिटांत उत्तर देते आणि आशा कार्यकर्तीकडे ती विनामूल्य मिळते. पाळी चुकल्यावर औषधाने पाळी “आणून पाहण्याचे” कारणच उरलेले नाही.

गर्भनिरोधक साधनांविषयी सर्वांत मोठा गैरसमज असा, की ती घेतल्यास पुढे मूल होत नाही. या विषयावर मराठीत उघडपणे बोलण्यास सुरुवात होऊन शंभर वर्षे लोटली. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्यासाठी त्यांना न्यायालयाची पायरीही चढावी लागली. तरीही शंका अद्याप तीच आहे, म्हणून साधनागणिक स्पष्ट सांगितलेले बरे.

माला-एन किंवा तत्सम रोजची गोळी बीजांड बाहेर पडू देत नाही. माला-एनच्या पाकिटात अठ्ठावीस गोळ्या असतात. त्यांतील एकवीस संप्रेरकाच्या व सात लोहाच्या. गोळी थांबविली की तिचा अंमल काही दिवसांत ओसरतो. बहुतेक स्त्रियांना एक ते तीन महिन्यांत पूर्वीप्रमाणे पाळी येऊ लागते, आणि काहींना पहिल्याच महिन्यात दिवस राहतात. “शरीर साफ होण्यासाठी” सहा महिने थांबण्याची आवश्यकता नाही. चालू पाकीट पूर्ण करून थांबावे, म्हणजे पाळीचा हिशेब बिघडत नाही. तांबीमध्ये तर संप्रेरकच नसते. ती काढली की त्याच महिन्यात गर्भधारणा होऊ शकते.

छाया ही गोळी आपल्या देशाचीच देणगी आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेले हे सेंटक्रोमन औषध १९९१ पासून सहेली या नावाने बाजारात आले आणि पुढे छाया या नावाने शासकीय कार्यक्रमात दाखल झाले. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा ती घ्यावयाची असते. ती स्टिरॉइड वर्गातील नाही. इस्ट्रोजेनचा निरोप गर्भाशयापर्यंत नीट पोहोचू न देणे, हे तिचे कार्य. ती बंद केल्यानंतर गर्भधारणेची क्षमता काही महिन्यांतच परत येते.

तीन महिन्यांनी घ्यावयाच्या अंतरा इंजेक्शनचे गणित मात्र निराळे आहे. येथेच सर्वाधिक घबराट उडते. हे औषध देशात १९९३ पासून विक्रीस उपलब्ध होते. शासकीय रुग्णालयांतून ते अंतरा या नावाने २०१७ पासून विनामूल्य मिळू लागले. इंजेक्शने आणू नयेत असे महिला संघटनांचे म्हणणे मधल्या काळात होते, आणि त्यातील एक आक्षेप रास्त होता. स्त्रियांना दुष्परिणामांची व परिणामकाळाची पूर्ण माहिती दिली जाणार नाही, अशी भीती त्यांना वाटत होती. म्हणून ती माहिती येथे पूर्ण द्यावी हे योग्य. इंजेक्शनचा गर्भनिरोधक अंमल तीन महिन्यांचा मानला जात असला, तरी औषध स्नायूंतून संथपणे पाझरत राहते. शेवटच्या इंजेक्शनपासून पुन्हा दिवस राहण्यास सरासरी सात ते दहा महिने लागतात. चैत्रात शेवटचे इंजेक्शन घेतलेल्या स्त्रीला कार्तिक ते माघ या सुमारास दिवस राहण्याची अपेक्षा ठेवता येईल, काहींना त्याहून आधी आणि काहींना नंतर. श्रावणापर्यंत पाळी आली नाही म्हणून वंध्यत्वाच्या तपासण्यांवर पैसा खर्च करण्याचे किंवा सुनेला बोल लावण्याचे काहीच कारण नाही. क्षमता कायमची जात नाही, ती उशिरा येते एवढेच. ज्यांना वर्षभरातच मूल हवे आहे त्यांनी हे साधन मुळात निवडूच नये, आणि ही गोष्ट पहिले इंजेक्शन देतानाच त्यांना सांगितली गेली पाहिजे.

पाळी अनियमित असलेल्या, बीजकोशात लहान लहान गाठी दिसणाऱ्या, म्हणजे पीसीओएसच्या, मुलींची संख्या शहरांतून बरीच आहे. त्यांना वयाच्या विशीतच रोजच्या गोळ्या दिल्या जातात आणि पाळी घड्याळासारखी येऊ लागते. लग्नानंतर गोळ्या थांबविल्या की पाळी पुन्हा दोन-दोन महिने लांबते, आणि घरात निष्कर्ष निघतो की गोळ्यांनी बिघडविले. वास्तविक गोळीने मूळ विकार बरा केलेला नसतो, केवळ झाकलेला असतो. पांघरूण काढल्यावर तो पूर्वीसारखा दिसू लागतो. अशा मुलीने वर्षभर वाट पाहत न बसता लवकर सल्ला घ्यावा. वजन जास्त असल्यास ते थोडेसे उतरले तरी पाळी सुधारते, हा अनेकींचा अनुभव आहे.

याच मुलींना चेहऱ्यावरील लव कमी व्हावी म्हणून स्पायरोनोलॅक्टोन दिलेले असते. हे औषध पुरुष-संप्रेरकाचा निरोप अडविते. पोटातील गर्भ मुलाचा असल्यास त्याच्या जननेंद्रियांच्या घडणीत अडथळा येण्याची शक्यता असल्याने ते गर्भधारणेचा प्रयत्न सुरू करण्यापूर्वीच बंद झाले पाहिजे. मुरमांसाठी दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन संप्रेरकांशी संबंधित नाही, तथापि ते याच चिठ्ठीवर असते आणि सर्वांत घातक तेच आहे. त्याने गंभीर व्यंग संभवते. ते थांबविल्यावरही किमान एक महिना दिवस राहू देऊ नयेत. सौंदर्योपचाराचे औषध म्हणून ते यादीत सांगावयाचे राहून जाते, ही नित्याची गोष्ट आहे.

पीसीओएसमध्ये बीजांड बाहेर पडावे म्हणून दिले जाणारे लेट्रोझोल हे औषध मुळात ऋतुनिवृत्त स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगासाठी निघाले. २०११ मध्ये आपल्या शासनाने वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदी घातली आणि २०१७ मध्ये ती उठविली. दरम्यान २०१४ मध्ये अमेरिकेत ७५० स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के स्त्रियांना जिवंत अपत्य झाले, तर पूर्वापार वापरातील क्लोमिफेन घेणाऱ्यांत हे प्रमाण १९.१ टक्के होते. लेट्रोझोल पाळीच्या आरंभीचे पाच दिवसच घ्यावयाचे असते. गर्भ राहण्याच्या वेळेपर्यंत ते शरीरातून बहुतांशी निघून गेलेले असते. गर्भावस्थेत वर्ज्य असलेले औषध योग्य पाच दिवसांत दिले तर गर्भधारणेस साहाय्य करते, ही वेळेच्या महत्त्वाची बोलकी खूण म्हणता येईल.

प्रोलॅक्टिन वाढल्याने पाळी बंद झालेल्या स्त्रीला कॅबरगोलिन किंवा ब्रोमोक्रिप्टिन दिलेले असते. ते आधी थांबविल्यास दिवसच राहणार नाहीत, कारण गर्भधारणा त्याच्याच बळावर होते. मेंदूखालील पीयूषिका ग्रंथीतील गाठ लहान असेल तर दिवस राहिल्याचे कळताच ते बंद केले जाते. गाठ मोठी असल्यास निर्णय तज्ज्ञांचा.

सर्वांत अवघड निवड स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या तरुण स्त्रीपुढे असते. शस्त्रक्रिया होऊन गेलेली असते, केस पुन्हा वाढलेले असतात आणि टॅमॉक्सिफेनची गोळी पाच किंवा अधिक वर्षे घ्यावयास सांगितलेली असते. या गोळीवर असताना दिवस राहिल्यास गर्भाला धोका, आणि पाच वर्षे थांबावे तर वय निघून जाते. दीर्घकाळ अशा स्त्रीला “आता मुलाचा विचार सोडा” असेच सांगितले जात असे. मे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने या उत्तराचा फेरविचार करावयास लावले. वीस देशांतील बेचाळीस वर्षांपर्यंतच्या सुमारे पाचशे सोळा स्त्रियांनी दीड ते अडीच वर्षे उपचार घेतल्यानंतर जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी गोळी थांबविली. औषध शरीरातून निघून जावे म्हणून तीन महिने थांबून मग गर्भधारणेचा प्रयत्न केला. पाठपुरावा झालेल्या ४९७ स्त्रियांपैकी ३६८ जणींना दिवस राहिले आणि ३१७ जणींना जिवंत अपत्य झाले. तीन वर्षांत कर्करोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण त्यांच्यात ८.९ टक्के होते. गोळी न थांबविलेल्या तुलनेच्या गटात ते ९.२ टक्के होते.

हे आकडे दिलासा देणारे आहेत, पण ते नीट वाचले पाहिजेत. या स्त्रियांनी किमान दीड वर्ष उपचार पूर्ण केले होते, आजार फार पसरलेल्या स्त्रिया त्यांत नव्हत्या आणि बाळ झाल्यावर गोळी पुन्हा सुरू करावयाची होती. या जातीचा कर्करोग दहा-पंधरा वर्षांनीही उलटू शकतो. तेवढ्या काळाचा पाठपुरावा व्हावयाचा आहे. थांबण्याचा कालावधीही तीन महिन्यांहून अधिक असावा असे काही तज्ज्ञांचे मत आहे. गोळी पुन्हा सुरू झाल्यावर बाळाला अंगावर पाजता येत नाही, ही गोष्टही आधीच माहीत असावी. हा निर्णय कर्करोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी एकत्र बसून त्या स्त्रीबरोबर घ्यावयाचा असतो. सासरच्या बैठकीत तो घ्यावयाचा नाही.

डॉक्टरांकडे जाताना औषधांची नावे तोंडपाठ सांगण्याचा प्रयत्न करू नये. पाकिटे, बाटल्या, मलमे, आयुर्वेदिक चूर्णे, व्यायामशाळेतील भुकट्या असे सगळे एका पिशवीत घालून न्यावे. अंतरा घेतलेल्या स्त्रीने आपले कार्ड बरोबर ठेवावे, त्यावर शेवटच्या इंजेक्शनची तारीख असते. आणि ज्या दिवशी मूल हवे असे ठरते, त्याच दिवसापासून फोलिक अ‍ॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज घ्यावयास प्रारंभ करावा. बाळाचा मज्जारज्जू गर्भधारणेनंतर अठ्ठावीस दिवसांत मिटून पूर्ण होतो. तोवर पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याचे नुकतेच कोठे कळलेले असते. पूर्वी मज्जारज्जूचे व्यंग असलेले मूल झाले असेल, किंवा फिट्सचे औषध चालू असेल, तर फोलिक अ‍ॅसिडची मात्रा बरीच मोठी लागते.

या पिशवीत पतीची औषधेही असली पाहिजेत. तपासणीची वेळ आली की पत्नीला पुढे करून यजमान बाहेरच्या बाकावर बसून राहतात. शरीर पिळदार व्हावे म्हणून व्यायामशाळेत घेतलेली किंवा थकव्यावर म्हणून दिलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने वृषणांतील शुक्राणूंची निर्मिती जवळजवळ बंद पाडतात. उणीव भरून काढणारे औषध सहसा थांबवू नये, या आरंभी सांगितलेल्या नियमाला हा ठळक अपवाद आहे. पुरुषत्व वाढविण्यासाठी घेतलेल्या इंजेक्शनाने बाप होण्याची शक्यताच मावळते, हे पुष्कळांना ऐकूनही पटत नाही. औषध थांबविल्यावर निर्मिती पूर्ववत होण्यास सहा महिने ते वर्ष, काहींना त्याहूनही अधिक काळ लागतो. टक्कल थोपविण्यासाठी घेतलेल्या फिनॅस्टराइडनेही काही पुरुषांत शुक्राणूंची संख्या घटते. ते बंद केल्यास ती सहसा सुधारते. एक शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागत असल्याने आज केलेल्या बदलाचा परिणाम तीन महिन्यांनंतरच्या वीर्यतपासणीत दिसतो. पस्तिशीच्या आतील पत्नी असलेल्या जोडप्याने वर्षभर आणि त्याहून अधिक वय असल्यास सहा महिने प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर पत्नीच्या सोनोग्राफीबरोबरच पतीची ही तपासणी करून घ्यावी. ती सोपी आहे, तुलनेने स्वस्त आहे आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत होऊ शकते.